सोळा रात्रींचा हिशेब

शहाबादी फरशी आपल्या भागात घरोघर आहे. पण त्या शहाबादजवळचे मरतूर फारसे कुणाला ठाऊक नसते. कलबुर्गी जिल्ह्यातील हे गाव विज्ञानेश्वराचे मानले जाते. चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य (कारकीर्द १०७६ ते ११२६) याच्या राजधानीत, म्हणजे आपल्या बीदर जिल्ह्यातील आजच्या बसवकल्याणात, याज्ञवल्क्यस्मृतीवरची 'मिताक्षरा' ही टीका त्याने लिहिली. पुढे इंग्रजी अमदानीत बंगालकडचा भाग सोडला तर जवळजवळ सगळ्या हिंदुस्थानात वारसाहक्काचे खटले या ग्रंथावर चालले. आमच्या एम. ए.च्या अभ्यासात मिताक्षरा होती ती एवढ्यापुरतीच. तिचा पहिला भाग आचाराचा असतो आणि त्यात नवराबायकोने कोणत्या रात्री एकत्र यावे याचाही विचार आहे, हे मी फार उशिरा वाचले. वाचायला कारण घरातलेच घडले, त्याकडे येतोच.

विषय नाजूक आहे आणि दिवाळी अंक घरात सगळेच वाचतात, याची मला जाणीव आहे. पण आमच्या शाळेतील दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहे. जे पंधरा वर्षांच्या मुलांना शिकवायचे ते त्यांच्या आईबापांनी वाचू नये, हे काही बरोबर नाही.

याज्ञवल्क्याचे म्हणणे असे की पाळी सुरू झाल्यापासून सोळा रात्री हा स्त्रीचा ऋतुकाल. त्यातल्या पहिल्या चार वर्ज्य, पर्वाचे दिवस वर्ज्य, मघा आणि मूळ ही नक्षत्रे वर्ज्य. उरलेल्यांपैकी सम रात्री पुत्रासाठी. विज्ञानेश्वराने यावर बरीच चर्चा केली आहे. ऋतुकालात पत्नीकडे जाणे हे कर्तव्य आहे की इतर वेळी जाऊ नये असा त्याचा अर्थ घ्यायचा, हा मीमांसेचा प्रश्न त्याने सोडवत आणला आहे. इतर दिवसांची बंदी मूळ स्मृतीत नाही, हे इथेच सांगून ठेवतो. सुश्रुताने मात्र हा काळ बारा रात्रींचा धरला आणि दिवस सरल्यावर कमळ मिटते तसा गर्भाशय त्यानंतर मिटतो, अशी उपमा दिली.

सम-विषम रात्रींच्या गोष्टीला काही आधार नाही. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजातील गुणसूत्रावर ठरते, हे १९०५ सालापासून माहीत आहे. एवढे सांगून तो भाग सोडतो. पण सोळा रात्रींची गोष्ट तशी टाकाऊ नाही. पहिल्या चार वगळल्या की पाचवी ते सोळावी अशा बारा रात्री उरतात. ज्या स्त्रीची पाळी अठ्ठावीस दिवसांनी येते तिचे स्त्रीबीज साधारण चौदाव्या दिवशी सुटते, म्हणजे या बारा रात्रींत ते बरोबर सापडते. सूक्ष्मदर्शक नसताना, नुसत्या पाहण्यातून आणि ऐकण्यातून हे आडाखे बांधले गेले, याचे कौतुक वाटले पाहिजे.

विशेषतः युरोपचा इतिहास पाहिल्यावर. एकोणिसाव्या शतकात तिथल्या विद्वानांनी कुत्र्यांसारखे प्राणी तपासले. कुत्री माजावर येते तेव्हा तिला रक्तस्राव होतो, तेव्हा स्त्रीचेही बीज पाळीच्या सुमारासच सुटत असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यामुळे मूल नको असलेल्या जोडप्यांना दोन पाळ्यांमधला काळ 'निर्धोक' म्हणून सांगण्यात येई. नेमका उलटा सल्ला! कितीतरी घरांत त्यामुळे पाळणे हलले असतील.

आपल्याकडे तोवर या सोळा रात्रींनी वेगळेच राजकारण उभे केले होते. १८९१ साली ब्रिटिश हिंदुस्थानात संमतिवयाचा कायदा आला आणि मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. मुलीला न्हाण आले की त्या पहिल्या सोळा रात्रींतच गर्भाधानसंस्कार झाला पाहिजे, कायद्याने धर्म बुडेल, असे सनातनी म्हणत. टिळक सरकारी हस्तक्षेपाच्या विरोधात उभे राहिले, डॉ. रा. गो. भांडारकरांनी शास्त्रवचनांच्याच आधारे कायद्याची बाजू मांडली. आपला मुलूख तेव्हा निजामाकडे, त्यामुळे तो कायदा इथे लागू नव्हता. सोळा रात्री मात्र इथेही मोजल्या जात.

मोजणाऱ्या बायकांची भाषा आमच्याकडे दुहेरी. मराठीत 'कावळा शिवला', कानडीत 'मुट्टु', म्हणजे स्पर्शच. मराठीत 'बाहेर बसली', कानडीत 'होरगे'. कानडीत महिन्याला 'तिंगळु' म्हणतात आणि जुन्या कानडीत तोच शब्द चंद्रालाही आहे. दोन्ही भाषांनी स्त्रीचा महिना चंद्राच्या महिन्याला बांधून टाकला. चंद्र आपल्या वेळा चुकवत नाही, बाई चुकवते. मग दोष कुणाचा, हे ठरलेलेच.

हे कोडे उलगडले जपानमध्ये. निगाता शहरातील क्यूसाकू ओगिनो हे स्त्रीरोगतज्ज्ञ शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णांचे बीजकोश डोळ्यांनी पाहत आणि पाळीच्या तारखांशी त्याचा मेळ घालत. १९२४ साली त्यांनी मांडले की स्त्रीबीज सुटते ते पुढच्या पाळीच्या आधी बारा ते सोळा दिवस. थोड्याच वर्षांत ऑस्ट्रियातील हेर्मान क्नाउस स्वतंत्रपणे जवळजवळ तिथेच पोहोचले. यातला मर्म 'पुढच्या पाळीच्या आधी' या शब्दांत आहे. सुश्रुतापासून सगळे जण मागच्या पाळीपासून पुढे मोजत होते. ओगिनोंनी पुढच्या पाळीपासून मागे मोजले. बीज सुटल्यानंतरचा काळ बहुतेक बायकांत सुमारे चौदा दिवसांचाच असतो. कमीजास्त होतो तो त्याआधीचा. म्हणून चोवीस दिवसांची पाळी असेल तर दहाव्या दिवसाच्या आसपास, अठ्ठावीसची असेल तर चौदाव्या, पस्तीसची असेल तर एकविसाव्या. प्रत्येकीचा हिशेब निराळा. ओगिनोंचा रोख मूल हवे असणाऱ्यांना मदत करण्याकडे होता, पण जगाने त्यांचे नाव घेतले ते मूल टाळण्यासाठी.

आपल्याकडेही तसेच झाले. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. साधनांना गांधीजींचा विरोध कायम राहिला. दिवस पाळण्याच्या पद्धतीला मात्र त्यांनी तेवढा विरोध केला नाही. पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्याच मुशीतल्या. त्यांच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने अमेरिकन डॉक्टर अब्राहम स्टोन १९५१ मध्ये भारतात आले. दिवस पाळण्याचा प्रयोग दोन ठिकाणी करायचे ठरले. एक दिल्लीची लोदी कॉलनी, दुसरे तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील रामनगरम. ('शोले'तले खडक ते हेच रामनगर.) बायकांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. रोज एक मणी सरकवायचा. एका रंगाचे मणी पाळीचे, दुसऱ्याचे निर्धोक दिवसांचे, तिसऱ्याचे मूल राहण्याच्या दिवसांचे. रात्री अंधारात रंग दिसेनात, तेव्हा मण्यांचे आकार बदलण्यात आले. कुणी मणी सरकवायला विसरे. आणि मुळात अठ्ठावीस मण्यांच्या माळेत सगळ्या बायका बसत नव्हत्या. प्रयोग फसला. आपल्या भागात दिव्याखाली बसून मणी मोजायचा एकांत तरी किती घरांत असेल, हा प्रश्न दिल्लीत कुणाला पडला नसावा.

अर्ध्या शतकानंतर माळ पुन्हा आली. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठात तयार झालेली ही बत्तीस मण्यांची माळ आपल्याकडे 'मालाचक्र' नावाने वाटली गेली. ती फक्त सव्वीस ते बत्तीस दिवसांच्या पाळीसाठी आहे, हे तिच्यावर स्पष्ट सांगितलेले असते. तिच्यात जपायच्या रात्री आठवी ते एकोणिसावी, म्हणजे बाराच! मिताक्षरेच्या पाचवी ते सोळावीपासून अवघ्या तीन रात्री पुढे सरकलेल्या. ही गोष्ट लक्षात आली त्या दिवशी मी शाळेतून घरी येईपर्यंत तोच विचार करीत होतो.

आता घरची गोष्ट. आमच्या मोठ्या काकूला मूल नव्हते. काका सोलापूरला गिरणीत. आजोबांचा पंचांगावर आणि भटजींवर भरवसा. काकूची पाळी झाली की 'घरी सत्यनारायण आहे, ये' असे कार्ड सोलापूरला जाई. काका रजा काढून सहाव्या-सातव्या दिवशी येत आणि बाराव्या-तेराव्याला परतत. मधे अष्टमी, मूळ नक्षत्र काही आले तर तेही वजा. काकू दर पौर्णिमेला गाणगापूरला जाई, संगमावर अंघोळ करी. 'गुरुचरित्रा'त साठ वर्षांच्या वांझ बाईला अश्वत्थाच्या सेवेने मूल झाल्याची कथा आहे. ती तिला पाठ होती. कलबुर्गीच्या बंदेनवाजांच्या दर्ग्यातही तिने धागा बांधला होता. अकरा वर्षांनी काकांचे दुसरे लग्न झाले. तेव्हा मी चौथीत होतो. जेवणाच्या पंगतीत वाढायला काकूच होती.

काकू गेल्यावर तिची ट्रंक उघडली. तिच्यात तीन वर्षांची 'कालनिर्णय' निघाली, १९७४ ते ७६. देवाचे शिवायचे नाही म्हणून बायका तारखेवर खूण करीत, तसे काजळाचे ठिपके. मी इतिहासाचा माणूस. तारखा दिसल्या की मोजल्याशिवाय राहवत नाही. ठिपक्यांतील अंतरे निघाली छत्तीस, अडतीस, सदतीस, पुन्हा छत्तीस. ओळखीच्या एक स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाई आहेत. त्यांच्यापुढे तो कागद ठेवला.

त्यांनी सांगितले ते थोडक्यात लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. स्त्रीबीज सुटल्यावर फार तर एक दिवस जगते, पुरुषाचे बीज आत पाच दिवसांपर्यंत टिकू शकते. म्हणून बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, असे सहाच दिवस दर महिन्याला मोलाचे. सहा महिन्यांच्या तारखा लिहाव्यात आणि सरासरीतून चौदा वजा करावेत. हा अंदाजच, ताप, दगदग, काळजी यांनी तो मागेपुढे होतो. त्या दिवसांत अंगावरचा स्राव अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखा पातळ, ताणणारा होतो, ती अधिक भरवशाची खूण. औषधाच्या दुकानात लघवीवर करायची चाचणीही मिळते. तारखा मोजायचा कंटाळा असेल तर पाळी संपल्यापासून दोन-तीन दिवसांआड एकत्र आले तरी पुरते. पाळी एकवीस दिवसांच्या आत किंवा पस्तीसच्या पुढे जात असेल तर थायरॉइड वगैरे तपासून घ्यावे. वर्षभर वाट पाहावी, बाईचे वय पस्तिसाच्या पुढे असेल तर सहाच महिने; आणि डॉक्टरकडे दोघांनी जावे. पुरुषाच्या वीर्याची तपासणी ही सर्वांत सोपी आणि स्वस्त, म्हणून ती आधी.

मग त्यांनी काकूचा कागद पाहिला. सदतीसमधून चौदा गेले की तेवीस. म्हणजे तिचे दिवस साधारण अठरावा ते तेविसावा. काका त्याच्या आठवडाभर आधीच सोलापूरच्या गाडीत बसलेले असत.

"पण तुमच्या काकांची तपासणी झाली होती का?" त्यांनी विचारले.

आमच्या घरात हा प्रश्न कुणी कधी काढलाच नव्हता. दुसऱ्या लग्नानंतर काकांनी गिरणी सोडली आणि ते गावीच राहिले. धाकट्या काकूची पाळी महिन्याच्या महिन्याला येई, असे आई सांगते. तिलाही मूल झाले नाही.