छायाचित्रातली ती मुलगी

वाचकहो, ते छायाचित्र आपण कधीतरी पाहिलेले असणारच. डांबरी रस्ता, मागे काळा धूर, रडत पळणारी मुले. आणि मधोमध, अंगावर चिंधीही नसलेली, दोन्ही हात पसरून धावणारी एक मुलगी. व्हिएतनाम युद्ध म्हटले की अनेकांना एवढेच आठवते. तिचे नाव विचारा, बहुतेकांना सांगता येत नाही.

तिचे नाव फान थी किम फुक. वय ९. ८ जून १९७२ रोजी ट्रांग बांग गावाजवळ नापाम बॉम्ब पडले. ते टाकणारे विमान दक्षिण व्हिएतनामच्याच हवाई दलाचे होते. नापाम म्हणजे घट्ट केलेले पेट्रोल. ते अंगाला चिकटून जळत राहते. तिचे कपडे त्यातच गेले. डावीकडे ओरडत पळणारा मुलगा तिचा भाऊ. तिची दोन लहान चुलत भावंडे वाचली नाहीत.

छायाचित्राला १९७३ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. ते टिपले कोणी, यावर २०२५ मध्ये वाद झाला. वर्ल्ड प्रेस फोटो संस्थेने निक उट यांचे श्रेय स्थगित केले, तर असोसिएटेड प्रेसने कायम ठेवले. पण भाजले कोण, यावर वाद कधीच नव्हता. या चित्राने युद्ध थांबवले असेही म्हणतात. ते खरे नाही. बहुतेक अमेरिकी सैन्य त्याआधीच परतले होते.

पुढचे मी डॉक्टर म्हणून सांगतो. कॅमेऱ्याला क्षण पुरला. तिला इस्पितळात १४ महिने आणि १७ शस्त्रक्रिया लागल्या. खोल भाजलेल्या कातडीला पुढे घाम येत नाही. उन्हाळ्यात असा पेशंट तगमगतो, व्रण ताणतो, खाजतो. आमच्या दवाखान्यात भाजून वीस वर्षे झालेली माणसेही हीच तक्रार घेऊन येतात.

किम फुकला डॉक्टर व्हायचे होते. शिक्षण सुरूही झाले. पण परदेशी पत्रकारांपुढे उभे करायला सरकारला ती हवी होती, म्हणून ते तुटले. एका बाजूने बॉम्ब टाकला, दुसऱ्या बाजूने तिचे प्रदर्शन मांडले. पुढे ती क्यूबात शिकायला गेली. १९९२ मध्ये विमान कॅनडात इंधनासाठी थांबले असता पतीसह उतरली आणि तिथेच आश्रय मागितला. १९९६ साली वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकापाशी तिने क्षमेची भाषा केली. आम्ही जैन संवत्सरीला क्षमा मागतो, देतोही. पण एवढे सोसून ती देणे किती अवघड, हे मला तिच्याकडे पाहून कळते.

आजही रोज अशी छायाचित्रे आपल्यापुढे येतात. आपण हळहळतो आणि पान उलटतो. माझी विनंती एवढीच, की थोडे थांबावे आणि त्या माणसाचे पुढे काय झाले ते शोधावे. आमच्या केसपेपरवर पहिली ओळ नावाची असते, दुसरी वयाची. तक्रार त्यानंतर लिहितात.