कारखान्यातील अपघातांची वर्गवारी कशी करतात?

कामाच्या ठिकाणी घडणाऱ्या प्रत्येक दुर्घटनेला सर्रास ‘अपघात’ म्हटले जाते. सुरक्षाशास्त्रात मात्र तिचे परिणामांनुसार वर्ग पाडतात. परांचीवरून निसटलेला पाना कोणालाही न लागता जमिनीवर आदळला, तर तो ‘निअर मिस’, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात होय. मलमपट्टीने भागले, तर ती प्रथमोपचाराची घटना. डॉक्टरी उपचार लागले पण काम बुडाले नाही, हा त्यापुढचा वर्ग. त्यानंतर कामाचे दिवस बुडवणारी इजा, कायमचे अपंगत्व आणि अखेर मृत्यू, अशी ही चढती श्रेणी आहे.

कायद्याचा निकष वेळेचा आहे. इजेमुळे कामगार ४८ तास किंवा त्याहून अधिक काळ काम करू शकला नाही, तर त्या अपघाताची सूचना सरकारी यंत्रणेला देण्याचे बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. विहित ‘धोकादायक घटना’ कोणालाही इजा झाली नसली तरी कळवावी लागते. व्यवसायजन्य आजारांची नोंद वेगळी होते.

कारखान्यांची तुलना करण्यासाठी काम बुडवणाऱ्या इजांचे प्रमाण दर दहा लाख मनुष्य-तासांमागे काढतात. भारतीय मानक ३७८६ नुसार एका मृत्यूपोटी ६,००० मनुष्य-दिवस बुडाल्याचे धरले जाते.

परंतु केवळ परिणामावरून केलेली वर्गवारी फसवी ठरू शकते. पाना हातभर अलीकडे पडला असता, तर तीच घटना मृत्यूच्या रकान्यात गेली असती. कारण तेच राहते, बदलतो तो केवळ योगायोग. अमेरिकेतील विमा क्षेत्रातले अभ्यासक हर्बर्ट हाइनरिक यांनी १९३१ मध्ये मांडले, की एका गंभीर इजेमागे २९ किरकोळ इजा आणि ३०० इजाविरहित घटना असतात. हे आकडे सर्वत्र लागू पडत नाहीत, अशी टीका पुढे झाली. तरीही इशारा देणाऱ्या घटना गांभीर्याने घ्याव्यात, हा त्यातील बोध टिकून आहे.

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जिन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. मे १९८२ मध्ये कंपनीच्याच अमेरिकी पथकाने तेथील सुरक्षेच्या उणिवा दाखवून दिल्या. तरीही २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री मिथिल आयसोसायनेटच्या गळतीने हजारो जीव घेतले.

म्हणूनच घटनेचा वर्ग ठरवताना ‘काय झाले’ याबरोबरच ‘काय होऊ शकले असते’ हेही नोंदवले जाते. मात्र शिक्षेच्या धाकाने किंवा ‘अपघातविरहित दिवसां’चा फलक टिकवण्याच्या हव्यासाने घटना दडवल्या गेल्या, तर आकडे सुधारतात आणि धोका तसाच राहतो. टळलेला अपघात कळवणारा कामगार हा तक्रारखोर नसून सुरक्षेचा पहिला पहारेकरी असतो.