रोहिणी ते क्युबा : युद्धाला 'नाही' कोण म्हणणार?

सीमेवर तणाव वाढला की 'एकदाचा अणुबॉम्ब टाकून विषय संपवा' असे मेसेज फिरू लागतात. ते फॉरवर्ड करणाऱ्यांत आपलेही तरुण असतात, म्हणून हे लिहीत आहोत. खंबीर नेता विचार करून बटण दाबतो आणि शत्रू संपतो, असा हा समज आहे. इतिहास वेगळेच सांगतो.

27 ऑक्टोबर 1962. सोव्हिएत संघाने क्युबात क्षेपणास्त्रे आणली होती, अमेरिकेने समुद्रात नाकेबंदी केली होती. केनेडी आणि ख्रुश्चेव्ह, दोघांनाही अणुयुद्ध नको होते. तरीही त्या एका दिवसात क्युबावर अमेरिकेचे टेहळणी विमान पाडले गेले. तो आदेश मॉस्कोचा नव्हता. क्युबातल्या सोव्हिएत अधिकाऱ्यांनी तो परस्पर दिला होता. दुसरे अमेरिकी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले. त्याच दिवशी अमेरिकी युद्धनौका बी-59 या सोव्हिएत पाणबुडीला वर आणण्यासाठी इशाऱ्याचे स्फोट करत होत्या. तिच्यात अणुटॉर्पेडो आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हते.

आत असह्य उकाडा, मॉस्कोशी संपर्क नाही. वर युद्ध पेटले असावे असे वाटून कप्तान सवित्स्की टॉर्पेडो सोडायला निघाले, असे पाणबुडीतल्या एका अधिकाऱ्याने पुढे सांगितले. वासिली आर्खिपोव्ह यांनी विरोध केला. पाणबुडी शांतपणे वर आली.

टॉर्पेडो सुटला असता तर? अमेरिकेने उत्तर दिले असते, क्युबावर सैन्य उतरवले असते. तिथे रणांगणावर वापरायची सोव्हिएत अण्वस्त्रे आधीच होती, आणि वॉशिंग्टनला त्याचा पत्ता नव्हता. त्यापुढची पायरी म्हणजे शहरे. प्रत्येक पायरीवर प्रत्येकाला वाटले असते, आपण फक्त उत्तर देतो आहोत.

आता रोहिणी आठवा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, आजारी, प्रेत हे मानले नाही. नदीच्या पाण्यावरून शाक्यांनी कोलियांशी युद्ध ठरवले, तेव्हा सिद्धार्थाने आधी चौकशी करा, लवाद नेमा असे सुचवले. बहुमत विरोधात गेले, तरी तो नमला नाही. त्याने परिव्रज्या पत्करली. त्याच बुद्धाचे नाव 1974 च्या पोखरण चाचणीला दिले गेले, आणि 11 मे 1998 ची चाचणीही बुद्ध पौर्णिमेलाच झाली!

मात्र आर्खिपोव्हची आरती ओवाळून भागणार नाही. अणुटॉर्पेडो असलेल्या तशा चार पाणबुड्या होत्या. आर्खिपोव्ह एकाच पाणबुडीत होते. जगाचा जीव योगायोगाने वाचला. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. अण्वस्त्रांच्या काळात ती भक्ती स्मशानाकडेही नेऊ शकते.

म्हणून मित्रांनो, तो मेसेज पुढे पाठवण्याआधी विचारा : निर्णय कोण घेणार, त्याला थांबवणार कोण, आणि मरणार कोण? प्रश्न विचारणे हा देशद्रोह नाही. सिद्धार्थाने तेच केले होते.

जयभीम!