लाकडाची हालचाल : कपाटकामातील मोकळीक (खानदेश)

भरीव लाकडाचे कपाट, फडताळ किंवा देव्हारा घडवताना लाकूड ऋतुमानाप्रमाणे फुगणार-आकसणार हे धरून सांध्यांत आणि फटींत राखलेली जागा. झाड तोडून वर्षे लोटली, तरी लाकडाच्या पेशीभित्तिका हवेतला ओलावा घेत-सोडत राहतात. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असताना लाकडातले पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्क्यांवर स्थिरावते. ८० टक्के आर्द्रतेत ते १६ टक्क्यांच्या आसपास जाते. जळगाव-धुळ्याची हवा एकाच वर्षात ही दोन्ही टोके गाठते. वैशाखात पारा ४२-४५ अंशांवर आणि दुपारचा वारा भट्टीसारखा. जून ते सप्टेंबरात मात्र वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस.

फळी लांबीला नगण्य हलते, रुंदीला हलते. साग ओल्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत वाढीच्या वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतो, गाभ्यापासून सालीच्या दिशेने सुमारे २.५ टक्के. म्हणून एकाच ओंडक्यातल्या दोन फळ्या वेगवेगळ्या वागतात. लाकडातल्या ओलाव्याच्या टक्केवारीत ६ अंकांचा फरक पडला, तर ३०० मिलिमीटर रुंदीची, वलयांना समांतर कापलेली फळी तीन मिलिमीटरांहून थोडी अधिक हलते, म्हणजे सुताराच्या भाषेत पुरते एक सूत. वलयांना काटकोनात कापलेली फळी दोनेक मिलिमीटरच हलते. इतर बहुतेक लाकडांपेक्षा साग कमी हलतो, हा त्याचा मोठा गुण. यावल-चोपड्याकडच्या सातपुड्यातील सागाला कपाटकामात मान आहे तो केवळ वाळवी लागत नाही म्हणून नव्हे. बैलगाडी चालवणाऱ्यांना ही हालचाल सुतारांइतकीच ठाऊक होती : उन्हाळ्यात चाक आकसून लोखंडी धाव ढिली झाली, की चाक पाण्यात ठेवून फुगवून घेत.

किती जागा सोडायची, हे कपाट कोणत्या महिन्यात बनते यावर ठरवावे. खानदेशात ही गोष्ट विशेष महत्त्वाची, कारण लग्नसराईचे फर्निचर फाल्गुन ते वैशाखात, म्हणजे लाकूड सर्वांत सुके असताना बनते. त्या वेळी ‘एकदम फिट’ बसवलेले दार आषाढात अडकणारच. उन्हाळ्यात चौकटीच्या खाचेत बसणाऱ्या ३०० मिलिमीटर रुंद पॅनेलला एकूण तीन-चार मिलिमीटर मोकळीक हवी. उलट भाद्रपदात बनवलेल्या कपाटात पॅनेल खाचेत जवळजवळ तळापर्यंत जाऊ द्यावे. ते पुढे आकसणार आहे. वखारीतून आणलेली फळी लगेच कापू नये. मध्ये पट्ट्या घालून तिची थप्पी लावावी आणि ती काही आठवडे कारखान्याच्या हवेत राहू द्यावी.

चौकट आणि पॅनेलचे जुने दार हे या अडचणीवरचे सर्वांत शहाणपणाचे उत्तर आहे. चौकटीच्या पट्ट्या अरुंद, म्हणून कमी हलणाऱ्या. त्या कुसू-खाचेने घट्ट जोडायच्या. रुंद पॅनेल मात्र त्यांच्या खाचेत सुटे राहते. ते फार तर वर-खाली मधोमध एकेका बिंदूवर धरावे, म्हणजे हालचाल दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते. पॅनेलच्या कडांना फेव्हिकॉल लावला, की सगळी योजना वाया जाते : पॅनेल हलायला बघते, सांधा सोडत नाही आणि मधोमध भेग पडते. पॉलिश जोडणीपूर्वी करावे, नाहीतर उन्हाळ्यात कडेला कोऱ्या लाकडाची फिकट पट्टी उघडी पडते. पॉलिशने हालचाल मंदावते, थांबत नाही. ते फळीच्या दोन्ही अंगांना सारखेच हवे. एकाच अंगाला सनमायका चिकटवलेली भरीव फळी वाकते.

कपाटाच्या सांगाड्यात दोन्ही बाजू, माथा आणि तळ यांच्या लाकडाच्या तंतूंच्या रेषा एकामागून एक वळत गेल्या, तर सगळे मिळून हलतात. घात होतो तो आडव्या पट्टीने. खण सरकण्यासाठी रुंद बाजूवर आडवी पट्टी पूर्ण लांबीला चिकटवली, तर बाजू तडकते. पट्टी पुढच्या टोकाला पक्की करावी आणि मागे लांबट भोकात स्क्रू घालावा.

कूलरमुळे या हिशेबात एक नवी भर पडली आहे. बाहेर रखरखाट असताना कूलरच्या खोलीत ओलावा पावसाळ्याच्या जवळ जातो. समोरचे कपाट मे महिन्यातच फुगते, शेजारच्या बंद खोलीतले त्याच दिवसांत आकसलेले असते. अशा घरात सुताराने आधी कूलरची जागा विचारावी.

प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते रुंदीला फारसे हलत नाही. मात्र त्याच्या कडेला लावलेली रुंद सागपट्टी हलते.

श्रावणात अडकलेल्या दाराला लगेच रंधा मारू नये. फाल्गुनात तिथे फट दिसेल. दिवाळी उलटून हवा कोरडी होईपर्यंत थांबावे. तरीही दार घासत असेल, तर बिजागरी खचली आहे का आणि चौकटीत पीळ पडला आहे का हे पाहावे, रंधा त्यानंतर.