मुकी सळई, बोलकी सळई

कपडे पिळताना धुलाईयंत्र एका ठरावीक वेगाला थडथड हादरतं आणि वेग वाढला की शांत होतं. फिरणाऱ्या दांड्याचंही तसंच असतं. त्या घातक वेगापलीकडे दांडा चालणारच नाही, असं स्कॉटिश अभियंता रँकिन यांनी १८६९ मध्ये मांडलं. स्वीडनच्या दे लाव्हाल यांनी १८८९ मध्ये लवचिक दांड्याचं वाफेचं टर्बाइन त्यापलीकडे चालवून दाखवलं. पण तो वेग ओलांडतानाचा धोका उरलाच.

त्यावरचा एक उपाय मला फार आवडतो, कारण त्याचं मूळ कानाला सापडलं. १९५९ मध्ये अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी निकेल-टायटॅनियमची थंड सळई जमिनीवर टाकली. आवाज आला मुका, 'थप्प'! गरम सळई मात्र घंटेसारखी घणघणली. पाण्याखाली निववली, तर तीही मुकी. उष्णतेनं धातूची आतली रचनाच बदलत होती. मुकी सळई कंप गिळते, बोलकी अधिक ताठ असते. १९६१ मध्ये एका बैठकीत दुमडलेल्या पट्टीला लायटरची आच दिली, तर ती आपोआप उलगडली. आकार लक्षात ठेवणारा हाच तो नायटिनॉल.

१९९०च्या दशकात त्याच्या तारा तंतू आणि रेझिनच्या हलक्या दांड्यात बसवण्याचे प्रयोग झाले. वीज सोडली की तार तापून ताठ होते आणि घातक वेग पुढे सरकतो. अडचण एवढीच, की तार तापते झटकन, निवते सावकाश. शिवाय उष्णतेनं रेझिन मऊ पडतं.

तरी मला मोलाचा वाटतो तो ब्यूलर यांचा कान. आवाज बदलला म्हणून त्यांनी सळई भंगारात टाकली नाही; कारण शोधलं.