'घाशीराम कोतवाल'चे संगीत : चाल आणि प्रसंग यांच्या संबंधाचा एक विचार

विजय तेंडुलकर यांच्या 'घाशीराम कोतवाल' या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यातील भरत नाट्यमंदिरात झाला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची आणि संगीत भास्कर चंदावरकर यांचे होते. या नाटकासंबंधी जी विपुल चर्चा झाली, तिचा रोख मुख्यतः नाना फडणीसांच्या चित्रणाकडे राहिला. संगीताची प्रशंसा झाली खरी, परंतु ती बहुधा रंजकतेपुरती. वस्तुतः या नाटकाचा आशय ज्या साधनाने सिद्ध होतो, त्यांत संगीताचा वाटा शब्दांहून कमी नाही. चंदावरकरांनी चाल आणि प्रसंग यांचा रूढ संबंध हेतुपुरस्सर मोडला, आणि तेथेच त्यांच्या कार्याचे प्रयोगत्व आहे.

हा संबंध मराठी रंगभूमीवर कसा रूढ झाला, हे प्रथम पाहणे अवश्य आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' (१८८०) व 'सौभद्र' (१८८२) या नाटकांत साकी, दिंडी, कामदा यांसारखी परिचित वृत्ते आणि कीर्तनातील व स्त्रीगीतांतील चाली उपयोगात आणल्या. श्रोत्याच्या कानाला त्या ओळखीच्या होत्या, आणि त्या ओळखीमुळेच पात्राची भावना त्याच्यापर्यंत विनासायास पोचत असे. पुढे 'मानापमान' (१९११) नाटकाला गोविंदराव टेंबे यांनी व 'स्वयंवर' (१९१६) नाटकाला भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, तेव्हा रागसंगीताला प्राधान्य आले. चालींचा उगम बदलला, तरी तत्त्व तेच राहिले. करुण प्रसंगास करुण चाल आणि शृंगारास शृंगाराची, असा हा अलिखित नियम होता.

चंदावरकर (१९३६–२००९) या परंपरेत वाढले, परंतु त्यांची घडण निराळी झाली. रविशंकर यांच्याकडे ते सतार शिकले. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे पंधरा वर्षे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी संगीताचे अध्यापन केले. चित्रपटात ध्वनी हा दृश्याचा अनुवाद नसतो, त्याला छेद देणारे स्वतंत्र विधानही तो करू शकतो, हा विचार तेथील अभ्यासविषयाचाच भाग होय. 'भारतीय संगीताची मूलतत्त्वे' आणि 'वाद्यवेध' या त्यांच्या ग्रंथांवरून रचनाकार व अभ्यासक या दोन भूमिका त्यांनी वेगळ्या मानल्या नाहीत, असे दिसते.

'घाशीराम'मध्ये बारा ब्राह्मणांची एक रांग रंगमंचावर उभी असते. ही रांग पडदा होते, भिंत होते, पुण्याचा जनसमूह होते, आणि हीच गायकवृंदही होते. तिच्या मुखातून येणारा ध्वनी गद्य बोलण्यापासून तालबद्ध उच्चाराकडे आणि तेथून गाण्याकडे सरकतो. एखादा शब्द पुनःपुन्हा उच्चारला जाता जाता त्याचा कोशगत अर्थ झिजतो व केवळ लय उरते. बोलणे कोठे संपले आणि गाणे कोठे सुरू झाले, हे निश्चित सांगता येत नाही. संगीत नाटकात संवाद थांबवून पद म्हटले जाई. येथे तशी सीमारेषाच नाही.

या रचनेचा खरा परिणाम प्रसंगांच्या जोडणीत जाणवतो. देवळाकडे निघाल्याचे सांगणारे ब्राह्मण बावनखणीत पोचतात. कीर्तनाचा सूर आणि लावणीचा ठेका यांत अंतर राहत नाही. कीर्तनास आलेल्या गौरीवर नानांची दृष्टी पडते, आणि गणपतीसमोर हात जोडून उभी असताना ते तिला गाठतात. नामघोष व भक्तिपर चाली नाटकभर येत राहतात आणि त्यांच्या सान्निध्यात छळ, सौदा व हिंसा घडत जातात. चाल तीच, परंतु अर्थ तो नव्हे.

भाषाभ्यासात हे तत्त्व सुपरिचित आहे. शब्दाचा अर्थ त्याच्या योजनेवर अवलंबून असतो. आदरार्थी शब्द विशिष्ट संदर्भात उपहासाचे साधन होतो, आणि उपहास तीव्र होतो तो त्या शब्दामागील आदराची स्मृती जिवंत असते म्हणूनच. चंदावरकरांनी हेच चालीच्या बाबतीत करून दाखविले. श्रोत्याचे कान भक्तीच्या सवयीने डोलू लागतात, डोळ्यांपुढे मात्र क्रौर्य उभे असते. आपण कशाला ताल धरला, हा प्रश्न त्यास स्वतःलाच पडतो. भक्तीची चाल अपरिचित असती, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता.

या दृष्टीने नाटकावरील वादाकडे पुन्हा पाहता येते. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने एकोणीस प्रयोगांनंतर नाटक थांबविले. त्यातील कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमीची स्थापना केली व १९७४ पासून प्रयोग पुन्हा सुरू केले. आक्षेपकांनी संहितेतील इतिहास तपासला, आणि समर्थकांनी हे ऐतिहासिक नाटक नव्हेच, असे उत्तर दिले. उभय पक्षांचे लक्ष शब्दांवर राहिले. परंतु नाटकाची टीका एका मुत्सद्द्यापेक्षा गात गात पाठ फिरविणाऱ्या समूहावर अधिक आहे, आणि ती टीका छापील पानांवर पूर्णपणे उमटत नाही.

पाश्चात्त्य रंगभूमीवर कुर्ट वाइल यांनी ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा'त (बर्लिन, १९२८) गोड चालीवर निर्दय आशय ठेवण्याची युक्ती योजली होती. त्याच नाटकाचे पु. ल. देशपांडे यांनी केलेले रूपांतर, 'तीन पैशाचा तमाशा', १९७८ मध्ये थिएटर अकॅडमीने रंगमंचावर आणले. त्याच्या संगीतात चंदावरकरांसमवेत नंदू भेंडे व आनंद मोडक यांचा सहभाग होता. तथापि 'घाशीराम'मधील युक्ती ही केवळ उसनवारी मानणे योग्य होणार नाही. चंदावरकरांनी हाताळलेली सामग्री मराठी समाजाच्या धर्मजीवनात मुरलेली होती, आणि म्हणूनच तिचा आघात अधिक खोल झाला. सतीश आळेकर यांच्या 'महानिर्वाण'मध्ये (१९७४) मृत्यूचे कथन कीर्तनाच्या रूपात होते. ते मोडकांच्या संगीताने उभे राहिले, यावरून ही वाट एका नाटकापुरती नव्हती, हे स्पष्ट होते.

यातून नाट्येतिहासाच्या अभ्यासकांवर एक जबाबदारी येते. मराठी नाटकाचा इतिहास आजवर प्रामुख्याने संहितांच्या आधारे लिहिला गेला आहे. ज्या नाटकाचा अर्थ चालीत वसतो, त्याच्या बाबतीत अशी पद्धती अपुरी ठरते. त्या नाटकात गायिलेल्या कलावंतांच्या स्मरणातील चाली, ठेके व उच्चारांच्या लकबी ध्वनिमुद्रित करून त्यांचे स्वरलेखन करणे, हे संहितेच्या पाठनिश्चितीइतकेच महत्त्वाचे कार्य आहे. ते न झाल्यास पुढील पिढीच्या हाती शब्द राहतील, पण त्या शब्दांना उलटा अर्थ देणारा सूर राहणार नाही.