पिवळ्या मातीची ओळख

एखादा पिवळा खडा हातीं आला, तर तो कशाचा आहे हें नुसत्या डोळ्यांनीं सांगतां येईल काय? गंधक पिवळा, हरताळ पिवळा, आणि युरेनियमचीं अनेक खनिजेंहि पिवळींच! रंगाची साक्ष येथें अपुरी पडते.

अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानाच्या पश्चिम भागांत, वालुकाश्माच्या थरांमध्यें, लिंबासारखी पिवळी व भुकटीसारखी ठिसूळ माती सांपडे. १८९९ सालीं पॅरिस येथें फ्रीडेल व क्यूमांज या शास्त्रज्ञांनीं तिचें पृथक्करण केलें. तींत युरेनियम, व्हॅनेडियम व पोटॅशियम हीं तीन द्रव्यें एकत्र आढळलीं. आडोल्फ कार्नो या फ्रेंच रसायनज्ञाच्या नांवावरून या नव्या खनिजास ‘कार्नोटाइट’ असें नांव मिळालें.

तरीहि ओळख सोपी झाली नाहीं. ओतुनाइट हेंहि पिवळें युरेनियम-खनिज. परंतु जंबुपार किरणांखालीं तें हिरवट तेजानें झळकतें, कार्नोटाइट झळकत नाहीं. त्यूयामुनाइट तर याचें जुळें भावंडच. त्यांत पोटॅशियमऐवजीं कॅल्शियम असतें, एवढाच काय तो भेद. तो प्रयोगशाळेंतच उमगतो.

मादाम क्यूरी यांनीं आपल्या १९०३ च्या प्रबंधांत या खनिजाच्या किरणोत्सर्गाचें मापन दिलें आहे. तो शुद्ध युरेनियमच्या अडीचपटींहून अधिक भरला! ज्यांत युरेनियम कमी, त्याचा प्रभाव अधिक. याचा अर्थ आंत दुसरें कांहीं दडलेलें होतें. तेंच रेडियम. मात्र एक टन युरेनियममागें तें ग्रॅमचा एक तृतीयांशच असतें. १९२१ सालीं अमेरिकन स्त्रियांनीं एक लक्ष डॉलर जमवून मादाम क्यूरींना जें एक ग्रॅम रेडियम भेट दिलें, तें याच पिवळ्या मातींतून काढलेलें होतें.

या कथेला दुसरीहि बाजू आहे. पुढें अणुबाँबच्या काळांत त्याच प्रदेशांतील खाणींत नाव्हाहो जमातीचे अनेक लोक राबले. खाणींतील रेडॉन वायूचा धोका त्यांना कोणीं सांगितला नाहीं. कित्येकांना फुप्फुसाचा कर्करोग झाला. १९९० सालीं अमेरिकेनें कायदा करून क्षमा मागितली व भरपाई देऊं केली. शास्त्रज्ञांना त्या मातीची ओळख १८९९ सालींच पटली होती; ती खणणाऱ्यांना मात्र ती स्वतःच्या देहावर पटवून घ्यावी लागली.